उपहासाची धार आणि दूरचित्रवाणीचा प्रेक्षक : ‘मॅश’ (१९७०) या युद्धपटाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

शौर्यगाथा आणि उपहास हे युद्धाकडे पाहण्याचे दोन जुने मार्ग आहेत. शौर्यगाथेला काळाची फारशी बाधा होत नाही. युद्ध कोणते, कोणाविरुद्ध, याचा विसर पडला तरी धैर्याचे आकर्षण कायम राहते. उपहासाचे तसे नसते. उपहासाला लक्ष्य लागते आणि ते लक्ष्य ओळखणारा समाजही लागतो. लक्ष्य इतिहासजमा झाले, किंवा समाजाची हसण्याची रीत बदलली, की एके काळी बोचणारा उपहास निष्प्रभ तरी होतो किंवा भलतीकडेच बोचू लागतो. म्हणून जुना उपहासात्मक युद्धपट आजच्या दूरचित्रवाणी-प्रेक्षकाला मानवेल काय, हा प्रश्न केवळ कार्यक्रम-नियोजनाचा राहत नाही. तो उपहास या साहित्यप्रकाराच्या स्वरूपाशी निगडित आहे.

प्रस्तुत लेखात रॉबर्ट ऑल्टमन दिग्दर्शित ‘मॅश’ (१९७०) या अमेरिकन चित्रपटाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ही निवड हेतुपूर्वक केली आहे. या चित्रपटाचा दूरचित्रवाणीशी असलेला संबंध अन्य कोणत्याही युद्धपटापेक्षा निकटचा आहे. त्याचा दिग्दर्शक दूरचित्रवाणीत तयार झाला. त्याच्यावर बेतलेली मालिका अमेरिकेत अकरा वर्षे चालली आणि मूळ चित्रपटापेक्षा अधिक लोकप्रिय झाली. पुढे चित्रपटाचे मूल्यमापन होऊ लागले तेही बहुधा मालिकेच्या तुलनेत. चित्रपटाची युद्धविरोधी शक्ती आजही शाबूत आहे. तथापि त्यातील हास्याचा एक भाग त्या शक्तीच्या विरुद्ध काम करतो आणि आजचा प्रेक्षक नेमका तेथे अडखळतो. हे अडखळणे म्हणजे नाजूकपणा नव्हे, तो रास्त कलानिर्णय आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

चित्रपटाची पार्श्वभूमी

‘मॅश’ हे लष्कराच्या फिरत्या शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून झालेले संक्षिप्त रूप होय. कोरियातील युद्धात (१९५०-१९५३) आघाडीजवळ तंबू ठोकून अशी रुग्णालये चालविली जात आणि जखमींना हेलिकॉप्टरने तेथे आणले जाई. त्या युद्धात सर्जन म्हणून काम केलेल्या एका डॉक्टराने रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ मध्ये कादंबरी प्रसिद्ध केली. तिचे पटकथारूप रिंग लार्डनर (ज्युनिअर) यांनी केले. लार्डनर हे ‘हॉलिवूड टेन’ या गटातील एक होत. अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीला उत्तरे देण्याचे नाकारल्यामुळे त्यांना तुरुंगवास झाला होता आणि पुढे कित्येक वर्षे त्यांना स्वतःच्या नावाने लिहिता आले नव्हते. ‘मॅश’च्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, चित्रपटाला १९७० च्या कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिकही लाभले.

चित्रपट कोरियाचा असला तरी प्रेक्षकाने व्हिएतनाम ओळखावे अशी त्याची रचना होती. ऑल्टमन यांनी स्थळकाळाच्या खुणा शक्य तितक्या पुसट ठेवल्या. प्रारंभी कोरियाचा स्पष्ट निर्देश आला तो निर्मितिसंस्थेच्या आग्रहामुळे. त्याच संस्थेने त्याच वर्षी ‘पॅटन’ हा सेनानीचरित्रपटही प्रदर्शित केला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्यालाच मिळाले. एका महान सेनापतीचे चित्र आणि सेनापतींकडे पाठ फिरवून बसलेल्या डॉक्टरांचे चित्र ही दोन्ही एकाच वर्षी एकाच प्रेक्षकवर्गापुढे आली, ही गोष्ट त्या काळातील अमेरिकन मनाची दुभंगलेली अवस्था दाखविण्यास पुरेशी आहे.

उपहासाचे रूप

‘मॅश’मध्ये लढाई दिसत नाही. शत्रू दिसत नाही. पिस्तूल झाडले जाते ते फुटबॉलच्या सामन्यात वेळेची खूण म्हणून. युद्धाचा परिणाम मात्र सतत दिसतो, आणि तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर. उघडी पोटे, मानेतून उसळणारे रक्त, हाड कापण्याची करवत, आणि या साऱ्याच्या वर चाललेले डॉक्टरांचे थट्टेचे, चुकारपणाचे, कधी अश्लील बोलणे. हॉकआय पिअर्स, ट्रॅपर जॉन आणि ड्यूक फॉरेस्ट हे तिघे सर्जन लष्करी शिस्त जुमानत नाहीत, दारू गाळतात, वरिष्ठांची टर उडवितात; परंतु टेबलापाशी उभे राहिले की त्यांचे हात चुकत नाहीत. लष्करी हुद्दा, धर्मनिष्ठा आणि देशभक्ती ही तिन्ही मूल्ये बाजूला सारून चित्रपट कौशल्य हे एकच मूल्य मानतो. मेजर फ्रँक बर्न्स उपहासास पात्र ठरतो तो केवळ ढोंगी धार्मिकतेमुळे नव्हे. रुग्ण दगावल्याचा दोष एका कोवळ्या वयाच्या परिचारकाच्या माथी मारतो म्हणून. हा प्रसंग पाहिल्यावर त्याची पुढे होणारी फजिती प्रेक्षकाला न्याय्य वाटते.

आपल्या साहित्यशास्त्राने हास्य आणि करुण हे रस परस्परविरोधी मानले आहेत. एकाच आश्रयात ते एकत्र नांदले तर रसभंग होतो. ‘मॅश’मध्ये हा विरोध हेतुपूर्वक वापरला आहे. प्रेक्षक विनोदाला हसतो आणि पुढच्याच क्षणी त्याची दृष्टी त्या विनोदाखालच्या उघड्या जखमेवर पडते. हसणे थांबत नाही, पण ते सुखाचेही राहत नाही. हे डॉक्टर हसतात, कारण न हसता येथे उभे राहणे अशक्य आहे, हे कोणी सांगत नाही. रक्त पाहून ते आपोआप कळते. चित्रपटाची युद्धविरोधी भूमिका एकाही भाषणात येत नाही. हास्य आणि रक्त यांच्या सान्निध्यात ती आहे. पुढील विवेचनात हे सान्निध्य महत्त्वाचे ठरणार आहे.

ध्वनियोजनाचे महत्त्वही तितकेच आहे. एकाच वेळी अनेक पात्रे बोलतात, वाक्ये एकमेकांवर चढतात, मुख्य संवाद कोणता हे प्रेक्षकाने ठरवावे लागते. छावणीतील ध्वनिक्षेपक अधूनमधून गोंधळलेल्या सूचना देतो, युद्धपटांच्या खेळांची घोषणा करतो आणि अखेरीस आपण पाहिलेला चित्रपट म्हणजेच ‘मॅश’ होता असेही जाहीर करतो. लष्कराचा अधिकृत आवाज हास्यास्पद करणारी ही युक्ती पात्रांच्या संवादांइतकीच परिणामकारक आहे.

पडदा आणि संच

येथे दूरचित्रवाणीच्या माध्यमाचा प्रश्न उपस्थित होतो. ‘मॅश’ विस्तीर्ण पडद्यासाठी, २.३५ : १ या प्रमाणात चित्रित झाला. चौकटीत सहा-सात माणसे एकाच वेळी काही ना काही करीत असतात आणि उपहास पुष्कळदा चौकटीच्या कडेला घडतो. जुन्या दूरचित्रवाणी संचाची चौकट ४ : ३ या प्रमाणाची होती. असे चित्रपट दाखविताना दोन्ही बाजू छाटाव्या लागत. छाटलेल्या चौकटीत बोलणारा माणूस उरे. त्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणारे चौघे नाहीसे होत. संचाच्या लहानशा ध्वनिक्षेपकातून एकमेकांवर चढलेले संवाद केवळ गलका वाटत. म्हणजे ज्या काळातील प्रेक्षकांना चित्रपटातील कोणतीच थट्टा फारशी आक्षेपार्ह वाटत नव्हती, त्या काळातील संच तो चित्रपट नीट दाखवू शकत नव्हता.

आज परिस्थिती नेमकी उलटली आहे. रुंद संचावर मूळ चौकट जवळपास संपूर्ण दिसते, ध्वनी स्वच्छ येतो. तांत्रिक दृष्ट्या ‘मॅश’ घरात पाहण्यास आजच्याइतका योग्य कधीच नव्हता. संच अनुकूल झाला आणि प्रेक्षक सावध झाला. या सावधपणाचे कारण शोधावयाचे तर चित्रपटातील हास्याचे पृथक्करण करावे लागते.

हास्याच्या दोन दिशा

मेजर मार्गारेट हुलिहन ही मुख्य परिचारिका या पृथक्करणाच्या केंद्रस्थानी आहे. ती लष्करी नियमांवर श्रद्धा असलेली, ताठ, विनोदबुद्धी नसलेली स्त्री आहे. तिची आणि बर्न्सची जवळीक डॉक्टर मंडळी लपविलेल्या मायक्रोफोनद्वारे साऱ्या छावणीला ऐकवितात आणि त्या प्रसंगातून ‘हॉट लिप्स’ हे नाव तिला कायमचे चिकटते. पुढे एका पैजेखातर ती स्नान करीत असताना तंबूची बाजू उचलली जाते. समोर खुर्च्या टाकून छावणीतील मंडळी नाटकाला बसावे तशी बसलेली असतात. ती किंचाळत कर्नल ब्लेकच्या तंबूत शिरते, हे रुग्णालय नसून वेड्यांचे इस्पितळ आहे असे ओरडते, राजीनाम्याची धमकी देते. अंथरुणात एका परिचारिकेसह पडलेला कर्नल तिला खुशाल राजीनामा देण्यास सांगतो.

या प्रसंगाचे समर्थन ऑल्टमन यांनी केले आहे. लष्करात स्त्रियांना कसे वागविले जाई ते आपण दाखविले, त्याचा पुरस्कार केला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे समर्थन सर्वस्वी फेटाळता येत नाही. सॅली केलरमन यांनी कर्नलच्या तंबूतील आकांत इतक्या खऱ्या वेदनेने उभा केला आहे की प्रेक्षकाचे हसू तेथे विरते. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर नामांकनही मिळाले. परंतु चित्रपट या वेदनेशी प्रामाणिक राहत नाही. तो प्रसंग संपतो, हुलिहनचा अपमान विसरला जातो, ती ड्यूकच्या जवळ येते आणि अखेरच्या फुटबॉल सामन्यात खेळाचे नियमही न समजणारी उत्साही प्रोत्साहक म्हणून हास्यविषय होते. अपमानाने तिला माणसात आणले, असा या क्रमाचा अर्थ निघतो. दिग्दर्शकाचा हेतू काहीही असो, रचनेतून निघणारा हा अर्थ टाळता येत नाही.

याहून महत्त्वाचा आक्षेप चित्रपटाच्या स्वतःच्या मूल्यव्यवस्थेतूनच उद्भवतो. कौशल्य हे येथील एकमेव मूल्य आहे असे वर म्हटले. हुलिहन कुशल परिचारिका आहे. शस्त्रक्रिया चालू असता एक सर्जन तिच्या कामाची रांगडी का होईना, कबुली देतो. बर्न्स अकुशल आणि अन्यायी असल्याने त्याच्या वाट्याला आलेली फजिती कथेच्या न्यायात बसते. हुलिहनने कोणाही रुग्णाचे वाईट केलेले नाही. तरीही तिला अधिक कठोर शिक्षा मिळते. म्हणजे चित्रपट येथे आपलाच मानदंड मोडतो. हास्यास्पद दोष हा वेदना किंवा विनाश न घडविणारा असावा, असे ॲरिस्टॉटलने सुखात्मिकेविषयी म्हटले होते. त्या कसोटीवर स्नानाचा प्रसंग विनोद म्हणून उतरत नाही आणि उपहास म्हणूनही नाही, कारण त्यात उघडा पडतो तो सत्तेचा दंभ नव्हे, एका एकाकी स्त्रीचा देह.

अशी आणखीही स्थळे आहेत. आपण समलिंगी असल्याच्या संशयाने आत्महत्या करू पाहणाऱ्या दंतवैद्याचा ‘उपचार’ एका परिचारिकेला त्याच्याकडे धाडून केला जातो. ‘अखेरचे भोजन’ या प्रसिद्ध चित्राची नक्कल करून रचलेली त्याच्या निरोपाची मेजवानी हे धार्मिक गांभीर्याचे उत्कृष्ट विडंबन आहे. पण ज्या भीतीवर ती उभी आहे त्या भीतीचे विडंबन चित्रपट करीत नाही. कृष्णवर्णीय सर्जन जोन्स याच्या टोपणनावात वंशद्वेषी शिवी आहे आणि ती सारे सहजपणे उच्चारतात. ज्यांच्या भूमीवर हे युद्ध चालले आहे ते कोरियन लोक नोकर, वेश्या किंवा रुग्ण म्हणून वावरतात. हो-जॉन या पोऱ्याला सैन्यभरतीतून वाचविण्याचा हॉकआयचा प्रयत्न हृद्य आहे, पण तो फसल्यावर कथा त्या मुलाच्या मागे जात नाही.

या सर्व स्थळांत एक समान गोष्ट आढळते. येथे हास्याच्या शेजारी रक्त नाही. शस्त्रक्रियागृहातील हास्य मृत्यूच्या समोर उभे राहून केलेले आहे, म्हणून ते स्वसंरक्षण ठरते. स्नानाच्या तंबूपुढे खुर्च्या मांडून बसलेल्यांवर कोणतेही संकट नाही. तेथे हास्य केवळ बहुसंख्यांची करमणूक होते. पहिले हास्य सत्तेकडे आणि मृत्यूकडे वळलेले आहे, दुसरे आपल्याहून दुबळ्या व्यक्तीकडे. आजचा प्रेक्षक दुसऱ्या हास्यात सामील होत नाही. विशेषतः २०१७ नंतर जगभर झालेल्या ‘मी टू’ चळवळीच्या चर्चेने कामाच्या ठिकाणी स्त्रीच्या होणाऱ्या सामूहिक मानहानीकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. स्टॅन्ली क्युब्रिक यांचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) या बाबतीत कमी जुना वाटतो, कारण त्यातील हास्याचा रोख राष्ट्राध्यक्ष, सेनापती आणि अण्वस्त्रतज्ज्ञ यांच्यावर, म्हणजे सत्ताधाऱ्यांवर, आहे.

मालिकेने केलेली दुरुस्ती

सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅश’ मालिकेने हे दोष पुष्कळ अंशी दुरुस्त केले. लॅरी गेल्बार्ट यांनी तिचे रूप सिद्ध केले. ॲलन आल्डा यांनी हॉकआय आणि लॉरेटा स्विट यांनी मार्गारेट साकारली. प्रारंभीच्या भागांत मार्गारेट चित्रपटातल्यासारखीच थट्टेचा विषय होती. पुढे तिला एकाकीपण, विवाह, घटस्फोट, आणि सहकाऱ्यांचा आदर मिळाला. ‘हॉट लिप्स’ हे नाव हळूहळू मागे पडले. जोन्सचे पात्र मात्र पहिल्या वर्षातच वगळले गेले. १९७५ मध्ये कर्नल ब्लेक घरी परतत असता त्याचे विमान पाडले गेल्याची वार्ता शस्त्रक्रियागृहात वाचली जाते. लोकप्रिय विनोदी मालिकेतील प्रमुख पात्राचा असा मृत्यू त्या वेळी अपूर्व होता. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी प्रक्षेपित झालेला अंतिम भाग अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. तीन वर्षांच्या युद्धाची मालिका अकरा वर्षे चालली.

या दुरुस्तीची किंमतही द्यावी लागली. प्रक्षेपण संस्थेच्या आग्रहाने मालिकेला ध्वनिमुद्रित हास्य जोडले गेले. शस्त्रक्रियागृहातील दृश्ये त्यातून वगळावीत एवढे निर्मात्यांनी मिळविले; ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका या हास्याविना दाखविली. ध्वनिमुद्रित हास्य प्रेक्षकाला कोठे हसावे ते सांगते. ‘मॅश’ चित्रपट हे कधीच सांगत नाही आणि त्यामुळेच प्रेक्षक स्वतःच्या हसण्याला जबाबदार राहतो. शिवाय मालिकेतील हॉकआय युद्धाविरुद्ध बोलू लागला, पुष्कळदा अतिशय सुंदर बोलला; पण जे चित्रपटात रक्त सांगत होते ते मालिकेत संवाद सांगू लागला. शीर्षकगीताचे शब्दही गळाले, फक्त चाल उरली. मालिका अधिक न्यायी आहे आणि चित्रपट अधिक धारदार आहे. एकाचा गुण दुसऱ्यात नाही, म्हणून मालिका उपलब्ध आहे एवढ्यावरून चित्रपटाची गरज संपली असे म्हणता येत नाही.

कात्री काय कापते

जुना चित्रपट दूरचित्रवाणीस योग्य करण्याचा रूढ मार्ग म्हणजे काटछाट. आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ अन्वये अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास अयोग्य असा मजकूर वाहिन्यांवर दाखविता येत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका जनहित याचिकेनंतर २००५-०६ मध्ये प्रौढांसाठीच्या चित्रपटांबाबत हा दंडक अधिक कठोरपणे अमलात आला. त्यामागील बालप्रेक्षकांची काळजी योग्यच आहे. परंतु अशा नियमांची मोजमापे ठरलेली असतात : शिवी किती, रक्त किती, देहदर्शन किती. ‘मॅश’ला ही मोजमापे लावल्यास काय होईल ते पाहणे उद्बोधक आहे. शस्त्रक्रियेची दृश्ये रक्तामुळे कमी होतील. सर्जनांच्या तोंडच्या शिव्या मूक होतील. स्नानाच्या प्रसंगात मात्र रक्त नाही, शिवी नाही, देहदर्शन क्षणभराचेच आहे. ते वगळून तो प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा राहू शकेल. म्हणजे चित्रपटाची विवेकबुद्धी ज्यात आहे तो भाग जाईल आणि ज्यावर खरा आक्षेप आहे ती क्रूरता सुरक्षित राहील. अपमानाचे मोजमाप कात्रीजवळ नाही. अशा रीतीने ‘योग्य’ केलेला ‘मॅश’ हा खोडकर डॉक्टरांचा हलकाफुलका विनोदपट होईल, आणि तोच सर्वांत अयोग्य ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, ‘मॅश’ची युद्धविरोधी शक्ती व्हिएतनामच्या संदर्भावर अवलंबून नाही, ती हास्य आणि जखम यांच्या सान्निध्यातून निर्माण होते, आणि जोपर्यंत तरुण शरीरे टेबलावर आणली जात आहेत तोपर्यंत ती ओसरण्याचे कारण नाही. दोन, हुलिहनविषयीच्या प्रसंगांवरील आजचा आक्षेप हा कलाबाह्य नैतिक आग्रह नव्हे. चित्रपट तेथे स्वतःचा मानदंड मोडतो, ही रचनेतील उणीव आहे. आजच्या प्रेक्षकाने ती पाहिली इतकेच. तीन, काटछाट हा या अडचणीवरचा उपाय नाही, कारण ती उणीव ठेवते आणि सामर्थ्य काढून घेते.

म्हणून हा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवावयाचा तर रात्री उशिरा, प्रौढांसाठी, शक्य तिथे अखंड आणि मूळ चौकटीत दाखवावा, तसे शक्य नसेल तर दाखवू नये. त्यापूर्वी काही मिनिटांची माहितीपूर्ण प्रस्तावना असावी. चित्रपट, साहित्य, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना तर तो विशेष उपयुक्त आहे. हास्य कोणाकडे वळते यावर उपहासाची नैतिकता अवलंबून असते, हे तत्त्व वर्गात व्याख्येने सांगण्यापेक्षा शस्त्रक्रियागृहाचे दृश्य आणि स्नानाचा प्रसंग एकामागून एक दाखवून अधिक स्पष्ट होईल. पहिल्या दृश्याला विद्यार्थी हसतील. दुसऱ्याच्या वेळी वर्गात जी शांतता पसरेल तिच्यापासून चर्चेला आरंभ करता येईल.